काट्याच्या दुकानात

बाबा गेले तेव्हा कपाटातून
सुवार्तेच्या पत्रकांचे सहा गठ्ठे निघाले,
खालच्या दोघांना वाळवी.
शुक्रवारी कामठीच्या बाजारात
ते गळ्यात पेटी अडकवून उभे राहत,
दोन ओळी गात, पत्रक देत,
आणि संध्याकाळी परतताना
त्याच पत्रकाच्या पुडीतले फुटाणे
विकत घेऊन येत आमच्यासाठी.
"आधी वाच," म्हणत, "मग खा."

मी तसा नाही निघालो.
इतवारीत काटे दुरुस्त करतो,
दांडीचे, स्प्रिंगचे, आता जास्त बॅटरीचे.
भिंतीवर क्रूस नाही, तेलकंपनीचं कॅलेंडर आहे.
मेकोसाबागेत पाळक म्हणतात, जा, सांगा.
मी मान हलवतो,
आणि सोमवारी शटर उघडल्यावर
गिऱ्हाइकाचं तोंड बघून
ते वाक्य परत खिशात घालतो.
हल्ली जपून राहावं लागतं, हे खरं.
पण तेवढंच कारण नव्हतं.
मला त्या फुटाण्यांची लाज वाटायची.

तीन दिवसांचं शिबिरही केलं होतं एकदा.
शुभवर्तमान चार मुद्द्यांत,
प्रत्येक मुद्द्याला एक बोट.
अंगठा मोकळा राहतो,
तो कशासाठी, विचारायचं राहून गेलं.

झिबल हमाल रोज पाचला येतो,
हुक बाकावर ठेवतो, माठातलं पाणी पितो.
चैत्रात त्याचा पोरगा गेला,
कळमन्याच्या वळणावर, ट्रकखाली.
तेरवी झाल्यावर आला तसाच,
हुक ठेवला, पाणी प्यायला, म्हणाला,
"तुहा बाप सांगे बाजारात,
तुमच्या देवानं कोन्या बाईचं
मेलेलं पोरगं उठवलं म्हने.
खरं हाय का?"

चार बोटं होती माझ्याकडे.
एकही उठलं नाही.
समोरच्या पाच किलोच्या वजनावरून
मी नुसतं फडकं फिरवत राहिलो.
"म्या पाह्यलं नाही, झिबलभाऊ.
पन मानतो."
मग सांगितली, आली तशी:
नाईन गावची वेस, विधवा बाई, एकुलता एक,
तिरडी निघालेली, मागं सारं गाव,
आणि त्यानं विटाळ-बिटाळ न बघता
तिरडीला हात लावला.
खांदेकरी थांबले.
मीही थांबलो.
ज्याच्या पोराची तिरडी कोणी थांबवली नाही
त्याच्यासमोर पुढचं सांगायला जीभ वळेना.

त्यानंच ढकललं, "मंग?"
"मंग उठला. बोलाले लागला."
"काय बोलला?"
"लिहिलं नाही."
हुकाच्या टोकाकडे बघत बसला बराच वेळ.
"अन् ते बाई? तिचं पुढं काय झालं?"
तेही लिहिलेलं नाही.
चाळीस वर्षं वाचतोय,
मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

रविवारी पाळक म्हणाले,
या आठवड्यात कोणी साक्ष दिली, हात वर करा.
माझा हात मांडीवरच राहिला.
दिली की घेतली, ठरेना.

उपासना सुटल्यावर घरी न जाता
पारडीची बस धरली.
गठ्ठ्यातलं एक पत्रक घेतलं होतं सोबत,
उतरल्यावर घडी करून
किल्ल्यांच्या खाली लोटलं.
झिबल घरी नव्हता.
भागरताबाई कूलरमध्ये पाइप सोडून उभी होती.
तिनं खुर्ची पुसून दिली,
स्वतः उंबऱ्यावर टेकली.
"बोला ना जी."

उभ्या जन्मात हा शब्द
मला कोणी म्हटला नव्हता,
आणि आला तो असा, पदराला हात पुसत.

मी म्हटलं, "पोराचं नाव काय होतं?"

"मोरेश्वर," ती म्हणाली,
"पन सारे मोरूच म्हनत,"
आणि मग सांगत गेली.
टाकी भरली, पाणी ओट्यावरून
खाली गल्लीत वाहू लागलं,
शेजारीण ओरडलीसुद्धा.
आम्ही कोणी उठलो नाही.